उजव्याला गोल, डाव्याला फुली

माझं काम लोकांच्या कानात शिट्ट्या वाजवण्याचं.
नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जाड काचेच्या खोलीत माणूस बसतो हेडफोन चढवून.
ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच.
मी कागदावर खुणा करत जाते,
उजव्या कानाला गोल, डाव्याला फुली.
वरच्या सुरांशी खुणा घसरत जातात
दगडी जिन्यावरून लोटा गडगडावा तशा,
वागळे इस्टेटवाल्यांच्या तर हमखास.

काही जण चोरी करतात.
आवाजाकडे कान नसतो त्यांचा,
काचेतून माझं बोट हललेलं बघून दाबतात.
मला कळतं. मी पाठ फिरवून बसते.

बाबांची चाचणी मीच घेतली होती.
एकतीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर,
कानात कापसाचे बोळे, तेही कधी कधी.
कंपनी गेली, तिथे आता जिम आहे.
प्रेस मात्र बाबांच्या डोक्यात चालू राहिली,
उशीला टेकले की तिची पाळी सुरू होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी म्हणाले, येऊरला चल.
शेवटच्या थांब्यावर उतरलो.
पाटोणापाड्याच्या वाटेवर लाडकी वांगड
उरलेली करवंदं द्रोणात ओतत होती.
बाबांनी तिला हातानेच विचारलं.
शेपटी दाखवली, बोट लांब ओढून.
ती हसली.
तो चोर ना, म्हणाली, सगळ्यांचं बोलणं चोरणारा?
ओहळाशी बसा. बोलू नका.
मग बाबांकडे बघून मला म्हणाली,
म्हणजे तू बोलू नको.

ओहळात पाणी नव्हतं. सुकी पानं होती,
पानांखाली वाळवी, आणि वाळवीसाठी तो.
काळा, पोट विटकरी,
अंगापेक्षा लांब शेपूट घेऊन
एखाद्या लहान मुलाने बापाचा कोट घालून यावं तसा
बांबूच्या बेटात उतरला.
शामा.

आधी खालचे सूर, मडक्यात बोलल्यासारखे.
मग तांबटाची टुकटुक, मग कुणाची तरी शीळ,
मग ते सगळं सोडून
स्वतःचं काहीतरी, वर, आणखी वर,
जिथे माझ्या कागदावर बाबांची एकही खूण नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं होतं.
अंगठा दाबला.
सोडला.
पुन्हा दाबला, बरोबर तानेच्या टोकाला.
मला वाटलं, माझं मशीन चुकलं असेल,
वाटलं, जंगलात कान वेगळे होत असतील,
असलं काहीबाही वाटलं, घटकाभर वाटू दिलं.

मग दिसलं.
तान संपते तेव्हा त्याची शेपूट उडते,
आतला पांढरा डाग एकदा लखकन उघडतो आणि मिटतो.
बाबा त्या पांढऱ्यावर डोळा ठेवून होते.
दाबत होते. चोरी.

मी पाठ फिरवली नाही.

उजेड बांबूच्या बुडाशी गेला.
आधी त्याचं विटकरी पोट दिसेनासं झालं, मग काळा रंग,
शेवटी तो पांढराही.
गाणं थांबलं नव्हतं. उलट मोठं झालं,
आता त्याला कुणी बघत नव्हतं.
माझ्या मनगटावरचा अंगठा नुसता राहिला,
कामावरून सुटलेला.

मी हात सोडवला. त्यांचं मनगट धरलं.
आणि दाबत गेले,
हा लांब, हा तुटक, हे दोन लागोपाठ,
हा खूप वरचा, याला हलकेच,
इथे थांबलाय, थांबा बाबा,
हा, आला.
मला नीट जमलं नसेल. तो फार भराभर बोलतो.
बाबा ओहळाकडे तोंड करून बसले होते,
मान एका बाजूला, उजव्या कानाच्या बाजूला,
जो त्यातल्या त्यात बरा आहे.

थांब्यावर ड्रायव्हरने जोरात हॉर्न दिला.
तो दोघांनाही ऐकू आला.